नवख्या माणसाने बुद्धाची शिकवण कुठून समजून घ्यावी?

गोदाकाठ (गंगाखेड) · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर आणि सासर दोन्ही वारकरी, आषाढीला घरातलं कुणी ना कुणी पंढरपूरला जातंच. माझ्या वर्गातली बरीच मुलं ज्या वस्तीतून येतात तिथल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं वाचन सुरू होतंय. तिथल्या बायकांनी मला आवर्जून बोलावलंय. मी जाणार आहे, पण काही न समजता नुसती पाहुणी म्हणून बसून येणं मला पटत नाही.

थोडं वाचायला घेतलं आणि गोंधळ वाढला. एका ठिकाणी चार आर्यसत्यं हाच सगळ्याचा पाया, तर दुसऱ्या ठिकाणी बाबासाहेबांनी त्या चार सत्यांवरच प्रश्न उभा केलेला. आत्मा नाही म्हणतात आणि पुढच्याच पानावर पुनर्जन्म येतो. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलंय की बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, ते खरं का? आणि सगळ्यात जास्त सलणारी शंका ही की, जगात दुःखच आहे असं सांगणारी शिकवण माणसाला उभारी कशी देते?

ज्यांनी हे वाचलंय, पाळलंय, त्यांनी सांगावं. सोपं करून सांगितलं तरी चालेल, पण अर्धवट नको.

---

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर) · सोमवार, रात्री १०.०५

जय भीम मॅडम. प्रश्न विचारलेत हे फार चांगलं केलंत. तुम्ही गंगाखेडच्या म्हणून आधी गोदावरीचीच एक हकिकत सांगतो. ती आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे.

सुत्तनिपात हा पाली साहित्यातल्या अगदी जुन्या ग्रंथांपैकी एक. त्याच्या शेवटच्या भागात बावरी नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. अस्सक आणि अळक या राज्यांच्या हद्दीजवळ, गोदावरीच्या काठी तो आश्रम करून राहत होता. एक ब्राह्मण त्याच्याकडे पाचशे नाणी मागायला आला. बावरीने सगळं आधीच दान करून टाकलं होतं. तेव्हा त्या माणसाने शाप दिला, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील. बावरीने अन्नपाणी टाकलं. पुढे त्याला कळलं की या कोड्याचं उत्तर बुद्धाकडे मिळेल. वय झालेलं, स्वतःला चालवत नव्हतं, म्हणून त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. ते पतिठ्ठानहून, म्हणजे आपल्या पैठणहून निघाले. महिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती असं करत राजगृहाजवळ पोचले.

शापाचं उत्तर बुद्धाने एका ओळीत दिलं: अविद्या हेच डोकं, आणि ते फोडणारी ती विद्या. मग प्रत्येक शिष्याला स्वतःचा प्रश्न विचारायची मोकळीक दिली. पहिला अजित. त्याने विचारलं, हे जग कशाने झाकलं गेलंय? उत्तर आलं, 'अविज्जाय निवुतो लोको', अज्ञानाने. सोळा जणांनी सोळा वेगळे प्रश्न विचारले आणि ज्याचा जसा प्रश्न तसं त्याला उत्तर मिळालं. आधी माझ्यावर विश्वास ठेवा, मग सांगतो, अशी अट कुणालाच घातली गेली नाही.

त्यामुळे तुम्ही शंका घेऊन विहारात गेलात तरी कुणाचा अवमान होत नाही. आपल्या नदीच्या काठावरून धम्माकडे गेलेली पहिली माणसं शंका घेऊनच गेली होती.

बाकी उत्तरं सावकाश लिहितो. डोळ्यांना फार वेळ स्क्रीन सहन होत नाही.

---

लेणीवाट · सोमवार, रात्री १०.३२

बावरीच्या आश्रमाच्या नेमक्या जागेवर तेलंगणातलेही लोक हक्क सांगतात, गोदावरी पुढे तिकडेच जाते. पण पैठणचं नाव मूळ गाथेतच आहे, त्याबद्दल वाद नाही. भोकरदनचंही असंच. सांची-भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनचं नाव येतं. आपल्या भागाला धम्म दोन हजार वर्षांपासून ओळखीचा आहे.

---

उदगीरकर · मंगळवार, सकाळी ७.५०

गोष्ट सुंदर आहे सर, पण मॅडमचा मुख्य प्रश्न बाजूला राहिला. 'दुःख आहे' हे पहिलं सत्य. मग माणूस निराश होणार नाही तर काय? मीही इथेच अडतो. नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं, हे सगळं दुःखच का?

---

सुजाता_परभणी · मंगळवार, दुपारी ३.१५

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. ड्युटी संपवून आत्ताच धागा वाचला.

उदगीरकर दादा, बुद्धांच्या पहिल्या प्रवचनात दुःख म्हणजे काय ते मोजून सांगितलंय. जन्म, म्हातारपण, आजार, मरण. नकोशा माणसाशी, नकोशा गोष्टीशी गाठ पडणं. आवडत्याची ताटातूट. हवं ते न मिळणं. आता यातली कोणती गोष्ट खोटी आहे सांगा. वॉर्डात मी हे रोज बघते. मूल झाल्याचा आनंद दुःख आहे असं बुद्ध कुठेही म्हणत नाहीत. तो आनंद कायम तसाच राहील असं धरून बसलो की त्याच आनंदाला भीती चिकटते, हे ते दाखवतात.

आणि पहिल्या सत्यावर कुणी थांबायचंच नसतं. दुसरं सत्य कारण सांगतं: तृष्णा. सुखाची हाव, 'मी असाच राहावा' ही हाव, आणि 'हे नकोच, नष्ट व्हावं' हीसुद्धा एक हाव. तिसरं सत्य सांगतं की ही तृष्णा संपू शकते. चौथं म्हणजे त्यासाठीचा अष्टांगिक मार्ग, योग्य विचार, बोलणं, वागणं अशा आठ अंगांचा. दुःख आहे एवढंच सांगून कुणी निघून गेलं असतं तर ती निराशा. कारण आहे, ते आपल्याच मनात आहे आणि ते आपल्यालाच दूर करता येतं, हे ऐकून मला तरी बळ मिळालं. नवऱ्याच्या आजारपणात मी याच्याच आधाराने उभी राहिले, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

---

नागसेनवन · मंगळवार, रात्री ९.२०

सुजाताताई, नेमकं लिहिलंत.

आता बाबासाहेबांचं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले, त्यातला एक आर्यसत्यांचा. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख अशी मांडणी असेल तर हा धम्म माणसाला आशा काय देणार, असं त्यांचं म्हणणं. ही सत्यं मूळ शिकवणुकीतली की भिक्खूंनी मागून घातलेली, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. उदगीरकर, तुमची शंका तीच आहे.

म्हणून त्यांच्या ग्रंथातलं पहिलं प्रवचन वेगळ्या क्रमाने येतं. माणूस आणि माणसाचं माणसाशी असलेलं नातं हा धम्माचा केंद्रबिंदू. जगात दुःख आहे हे मान्य करायचं आणि ते दूर करणं हाच धम्माचा हेतू मानायचा. मार्ग तीन: विशुद्धीचा म्हणजे पंचशील, सदाचाराचा म्हणजे अष्टांगिक मार्ग, आणि शीलाचा म्हणजे दान, क्षांती (क्षमाशीलता), मैत्री वगैरे दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण. दुःखाचं मोठं कारण त्यांनी माणसाने माणसावर केलेल्या अन्यायातही पाहिलं. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हतं, त्याला 'तुझं दुःख तुझ्या तृष्णेतून आलं' एवढंच सांगणं क्रूरपणा ठरला असता.

माझं मत विचाराल तर नवख्याने दोन्ही वाचावं. स्वतःच्या मनाकडे बघताना तृष्णेचं सत्य कामाला येतं, गावाकडे बघताना बाबासाहेबांचं. विहारात बाबासाहेबांचाच ग्रंथ वाचला जाईल, तेव्हा पौर्णिमेआधी प्रस्तावना तरी वाचून जा.

---

बालाघाट (केज) · मंगळवार, रात्री १०.१०

समद्यायला जय भीम. मी शिकलेला कमीच, म्हणून साधं इचारतो. घरी रोज सकाळी पंचशील म्हणतो. 'पाणातिपाता वेरमणी', जीव मारनार नाही. अन् तसंच उठून पंप पाठीला लावून कापसावर फवारायलो. बोंडअळी नाही मारली तर वर्षाचं पीक जातंय, सावकाराच्या दारात उभं ऱ्हावं लागतंय. मग माझं पंचशील खोटं का? पोरगं इचारायलंय, त्याला काय सांगू? भंतेजींना इचारावं म्हनलं तर धीर व्हत नाही.

---

गोदाकाठ · मंगळवार, रात्री १०.४१

दादा, हा प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा आहे. जाणकारांनी आधी याचं उत्तर द्यावं, माझे थांबू देत.

---

नागसेनवन · बुधवार, सकाळी ६.३०

बालाघाट भाऊ, रात्रभर तुमच्याच प्रश्नाचा विचार करत होतो.

पंचशील कुणी वरून लादलेलं नाही. मोडलं तर शिक्षा देणारा देव धम्मात नाही. ते आपण आपल्या खुशीने घेतो आणि रोज नव्याने घेतो, कारण रोज कुठेतरी कमी पडतो. बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत सांगितलं, म्हणजे करण्यामागच्या हेतूत. पायाखाली मुंगी आली आणि मुंगी बघून पाय दिला, या दोन गोष्टी एक नाहीत.

तुम्ही म्हणाल, अळी तर मी ठरवूनच मारतो. खरं आहे. बाबासाहेबांनी यावर विचार केलाय. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी फरक केला, असं ते मांडतात. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व दिशा दाखवतं आणि त्या दिशेने किती जायचं हे ठरवायला माणसाला मोकळं ठेवतं. लेकराबाळांच्या पोटासाठी पीक वाचवणारा शेतकरी मारण्याची हौस म्हणून पंप उचलत नाही.

पण याचा अर्थ प्रश्न संपला असा नाही. वर्षावासाची प्रथाच मुळी शेतातून आलीय. भिक्खू पावसाळ्यात फिरतात, कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. हिंसा शून्य करता येत नाही म्हणून त्यांनी विषय सोडून दिला नाही. जिथे कमी करता येईल तिथे कमी केली.

---

मोंढा_जालना · बुधवार, दुपारी १.००

धागा दोन दिवस वाचतोय, आता लिहावंच लागतंय. माझं कृषी सेवा केंद्र आहे. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितलेत: शस्त्र, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. मग फवारणीची औषधं विकणारा मी सम्यक आजीविकेत, म्हणजे अष्टांगिक मार्गातल्या योग्य उपजीविकेत बसतो की नाही?

---

सुजाता_परभणी · बुधवार, संध्याकाळी ७.३५

दादा, यावर तयार निकाल कुणी देऊ शकेल असं मला वाटत नाही. पण दवाखान्यातून जे दिसतं ते सांगते. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट येतात. बहुतेक शेतमजूर असतात, तोंडाला साधा रुमाल, हातमोजे नाहीत, वाऱ्याच्या तोंडाला फवारलेलं. आणि दुसरे येतात ते मुद्दाम पिऊन आलेले. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

तुमच्या दुकानात कोण काय मागतो, त्याला खरंच त्याची गरज आहे का, किती मात्रेत द्यायचं, हे सांगणं तुमच्या हातात आहे. लागतील तेवढंच द्या, हातमोजे-मास्क घेतल्याशिवाय देऊ नका, कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क आधी पुढे करा. कुणाचा चेहरा बरा दिसला नाही तर त्या दिवशी डबा देऊ नका, घरी फोन करा. सम्यक आजीविका मला यात दिसते. दुकान बंद करायचं की नाही हा निर्णय तुमचा. पण तो प्रश्न मनात जागा ठेवा, झोपू देऊ नका.

---

मोंढा_जालना · बुधवार, रात्री ८.०२

ताई, तुमचं शेवटचं वाक्य लिहून घेतलं. मास्कचं उद्यापासून करतो.

---

बालाघाट · बुधवार, रात्री ८.४४

आता पोराला सांगता यील. अळी दिसायच्या आधीच कॅलेंडर बघून फवारायचं, ते तरी बंद करतो. गरज बघून.

---

उदगीरकर · गुरुवार, रात्री ९.००

आता आत्म्याकडे या. आत्मा नसेल तर पुनर्जन्म कुणाचा? मला यात सरळ विसंगती दिसते.

---

नागसेनवन · गुरुवार, रात्री १०.२५

हाच प्रश्न एका ग्रीक राजाने विचारला होता. मिनँडर, पालीत मिलिंद. त्याने भिक्खू नागसेनांना गाठलं. मिलिंद महाविद्यालय १९५० साली इथे सुरू झालं तेव्हा निजामी राजवट जाऊन दोनच वर्षं झाली होती, आणि बाबासाहेबांनी नाव निवडलं ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. परिसराला नाव मिळालं उत्तर देणाऱ्या भिक्खूचं. मी त्याच कॉलेजात शिकलो. गुरूच्या पुढ्यात शिष्याने निर्भयपणे वाद घालावा, हे शिक्षण आम्हाला त्या नावांतूनच मिळालं.

नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस? जू? दोर? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळं सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. सगळं जुळून आलं की त्याला आपण रथ म्हणतो, एवढंच. माणसाचंही तसंच. रूप (देह), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाची घडण), विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे घटक, एकत्र येतात आणि आपण त्याला नाव देतो. त्यांच्या आड बसलेला, कधीच न बदलणारा 'मी' शोधून सापडत नाही.

पुनर्जन्माबद्दल राजाने विचारलं, जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? उत्तर: 'न च सो, न च अञ्ञो', तोही नाही आणि वेगळाही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, असा दाखला त्यांनी दिला. कारणांची साखळी पुढे चालते, कुणी उडी मारून दुसऱ्या देहात जात नाही. बाबासाहेबांनीही आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारला. देह ज्या द्रव्यांचा बनतो ती द्रव्यं नष्ट होत नाहीत, या अर्थाने त्यांनी तो मांडला. मागच्या जन्मीच्या पापामुळे तू या जातीत जन्मलास, या विचाराला त्यामुळे जागाच उरत नाही. माझ्या लेखी अनात्माचा हा सगळ्यात मोठा लाभ.

---

उदगीरकर · गुरुवार, रात्री १०.५०

शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. सर, पुन्हा वाचतो.

---

लेणीवाट · शुक्रवार, सकाळी ८.१५

मॅडम, मुलांना सहलीला नेणार असाल तर एक सुचवतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याच्या डाव्या बाजूला भवचक्राचं चित्र आहे. बरंच खराब झालंय, पण कारणातून कार्य निर्माण होत फिरणारं चक्र चितारण्याचा तो फार जुना प्रयत्न. इथे जे अनित्य आणि कार्यकारणाचं चाललंय ते मुलांना तिथे भिंतीवर दाखवता येईल. मग २६ मध्ये महापरिनिर्वाणाचं शिल्प. आडवे झालेले बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य. शेवटचे शब्द सांगा त्यांना: सगळे संस्कार, म्हणजे घडलेल्या सगळ्या गोष्टी, नाश पावणारे आहेत, सावधपणे आपलं काम पूर्ण करा. मुलं ऐकतात, मी पाहिलंय.

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, त्या हिशेबाने वार ठरवा. दूर जमणार नसेल तर संभाजीनगरची बीबी का मकबऱ्यामागची औरंगाबाद लेणी बघा. तिथे ३ क्रमांकाच्या लेण्यात हात जोडून गुडघ्यांवर बसलेल्या उपासक-उपासिकांची रांग कोरलीय. चेहरे, दागिने, केशरचना सगळी माणसांची. देव नाहीत ते, तुमच्या-माझ्यासारखे ऐकायला बसलेले लोक.

---

गोदाकाठ · शुक्रवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रस्तावना वाचली, दोनदा. अवताराचं मात्र राहिलंय. आणि एक साधी अडचण: विहारात त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील म्हणायची वेळ येईल तेव्हा मी काय करू? न मानता तोंडाने म्हणणं मला खोटं वाटेल, गप्प बसणं त्यांना लागेल.

---

नागसेनवन · शुक्रवार, रात्री १०.००

अवताराबद्दल आडपडदा ठेवत नाही. जुन्या पाली ग्रंथांत बुद्ध स्वतःला कुणाचाही अवतार म्हणत नाहीत. ती कल्पना पुढे पुराणांतून आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी हीच: बुद्ध हा विष्णूचा अवतार होय असे मी मानणार नाही. तुमच्या घरच्या भक्तीचा मी आदर करतो. पण विहारात हे वाक्य बोलू नका. तिथल्या माणसांनी ते नाकारून आपलं माणूसपण मिळवलंय.

---

सुजाता_परभणी · शुक्रवार, रात्री १०.२०

मॅडम, गप्प बसलात तर कुणालाही लागणार नाही. हात जोडून शांत बसा, पुरे. पंचशीलाचा अर्थ वाचून ठेवा: जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा, यांपासून दूर राहीन. यातलं जे तुम्ही आजही पाळता ते म्हणायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. त्रिशरण मनापासून वाटेल तेव्हा म्हणा, कधीच नाही वाटलं तरी पुढच्या पौर्णिमेला या. पांढरं नेसलं तर चांगलं, सक्ती नाही. फुलं किंवा मेणबत्ती नेली तर त्या बायांना आनंद होईल. वाचन संपल्यावर बहुतेक ठिकाणी खीर असते, ती न घेता निघू नका. आणि तिथल्या एखाद्या म्हातारीला विचारा, तुम्ही पंचशील पहिल्यांदा कधी म्हटलंत? वेळ काढून बसा मात्र.

---

गोदाकाठ · शुक्रवार, रात्री १०.२८

विचारते. मुलांनाही सोबत बसवते, त्यांच्याच आज्या असतील. सहल गुरुवारची ठरवतेय, आधी औरंगाबाद लेणी, मग वेरूळ. बालाघाट दादा, तुमच्या पोराने पुढे काही विचारलं तर इथेच लिहा.